चार नंबरची पट्टी

क्रिकेटच्या मैदानावर नोकरी करते म्हटलं की लोक मला दोन गोष्टी विचारतात. कधी खेळलात का, आणि पास मिळतील का. खेळले कधीच नाही. पास आम्हालाच मिळत नाहीत. सामन्याच्या दिवशी आम्ही आत असतो ते कामाला म्हणून. मी तिथे नेमकं काय करते हे सहसा कुणी विचारत नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, म्हणून लिहिते आहे. त्यांना काहीतरी उत्साहाचं हवं होतं असं बोलण्यावरून वाटलं. ते जमलेलं नाही, हे आधीच सांगते.

मी मूळची बार्शीची. शेतीची पदवी घेतली आणि सोलापुरात बागांच्या कामाला लागले. रस्त्याच्या दुभाजकांवर कण्हेर लावण्यात आणि ती शेळ्यांपासून राखण्यात बरीच वर्षं गेली. पुढे शहरातल्या एका मैदानाच्या समितीला माती कळणारं माणूस हवं होतं आणि त्या पगारात यायला तयार असलेली मी एकटीच निघाले. बाई विकेट, म्हणजे खेळपट्टी, करणार म्हणून सुरुवातीला काही रिकामे लोक कट्ट्यावर बसून बघायचे. ऊन चढलं की उठून जायचे. सोलापूरचं ऊन अशा वेळी कामाला येतं.

आधी कामाबद्दल सांगते. टीव्हीवर तुम्हाला एक खेळपट्टी दिसते. प्रत्यक्षात मैदानाच्या मधोमध एकमेकींना लागून अनेक पट्ट्या असतात आणि प्रत्येकीला नंबर असतो. एकीवर सामना झाला की तिला विश्रांती द्यायची, बुटांनी उकरलेली माती भरायची, गवत पुन्हा धरू द्यायचं. मोठ्या सामन्याला मधल्या दोन-तीन पट्ट्यांपैकीच एक निवडतात, कारण कॅमेरे तिथे रोखलेले असतात आणि दोन्ही बाजूंच्या सीमारेषा सारख्या अंतरावर पडतात.

पट्टी म्हणजे दाबून दाबून एकजीव केलेली माती. आमच्याकडची काळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगा देते. तिला बांधून ठेवायला गवताची मुळं लागतात, आणि ते गवत म्हणजे आपली हरळी. माझ्याबरोबर काम करणारे सिद्धाप्पा मैंदर्गीचे. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांचे वडील म्हणे खूप हसले होते. घरच्या शेतात जन्मभर उपटली ती हरळी पोरगा शहरात पगार घेऊन लावणार, म्हणून.

खरं कौशल्य पाणी आणि रोलर यांच्या मधल्या वेळेत असतं. पट्टीला भरपूर पाणी पाजायचं आणि थांबायचं. माती ओली असताना रोलर फिरवला तर ती रोलरला चिकटून सालासारखी निघते. फार वाळल्यावर फिरवला तर वरून चकाकी येते आणि आत काही होत नाही. मधे एक वेळ येते, शेतकरी तिला वाफसा म्हणतात. आमच्याही कामात तोच शब्द चालतो. वाफसा धरून रोलर, मग वाळू द्यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा थांबायचं. वर ताडपत्री घातली तर खाली घाम धरतो, म्हणून आम्ही तिच्याखाली टॉवेलचं कापड अंथरतो. कारखान्यांतला डागी माल इथे ताग्यांनी मिळतो. बाहेरचे लोक ते बघून हसतात आणि जाताना चार तागे मागून नेतात.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. कर्णधार येतात, पट्टीवर चावी खुपसून बघतात, गुडघ्यावर बसून वास घेतात आणि पाहुण्यांना जेवण कसं झालं विचारावं तशा आवाजात मला म्हणतात, "काय करेल पहिल्या दिवशी?" एकदा एका स्पर्धेच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी थेट पट्टीवर नारळ फोडला, तोही जिथे चेंडू टप्पा घेतो त्याच जागी. नारळाचं पाणी मुरून तेवढा तुकडा मऊ पडला आणि पहिल्या तासात दोन फलंदाज त्याच डागावर बाद झाले. तेव्हापासून आमच्याकडे नारळ रोलरवर फुटतो. पाहुण्यांना वाटतं हा फार जुना रिवाज आहे.

आता त्या सामन्याचं.

आमच्या मैदानाला चार दिवसांचा मोठा सामना मिळाला, फार वर्षांनी. त्या एका सामन्यावर काय अवलंबून होतं ते समितीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सामना संपला की सामनाधिकारी पट्टीला शेरा देतात. शेरा चांगला आला तर पुढचे सामने मिळत राहतात. खराब आला तर मैदान यादीतून जातं, आणि मोठे सामने नसलेलं मैदान शहराच्या मध्यात रिकामं ठेवायला कुणाला परवडत नाही. प्रदर्शनं, मेळे, सभा यांची मागणी दारात उभीच होती. मोठे सामने मिळतील एवढं एकच कारण सांगून मी ती परतवत आले होते.

सिद्धाप्पांचं ते निवृत्तीचं वर्ष होतं. आयुष्यभर त्यांनी क्लबचे सामने, शाळांचे सामने, टेनिस चेंडूचे सामने यांच्यासाठी रोलर ओढला. त्यांचं मागणं एकच होतं. आपल्या विकेटवर सामना चौथ्या दिवशी चहापर्यंत चाललेला बघायचा. कोण जिंकतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी एकदा विचारलं, चौथ्या दिवशी चहापर्यंतच का? तर म्हणाले, "त्येच्याफुडं पावनं रोलर मागत न्हाईत, अक्का. मग बसून बघता येतं की." रोज सकाळी आणि डाव बदलताना संघ पट्टीवर रोलर मागतात, त्या संघांना ते पावनं म्हणत.

मैंदर्गीकडे कन्नड आणि मराठी एकाच तोंडात असतात, त्यामुळे मी त्यांची अक्का, वयाने लहान असून. समितीच्या लोकांसमोर म्याडम.

अशा सामन्याच्या आशेने आम्ही चार नंबरची पट्टी आधीच नव्याने केली होती. जुनी माती खोल उकरून काढली. तळ्याच्या पोटातली माती आणून, वाळवून, चाळून, पातळ थरांनी भरली आणि प्रत्येक थर वाफशावर दाबला. मग दोन पावसाळे तिला बसू दिलं. तेवढ्या काळात तिच्यावर एक चेंडू पडू दिला नाही. सरावाला मागितली, दिली नाही. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मागितली, तेव्हा आमचे सचिव बिराजदार माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तो अंतिम सामना मी सहा नंबरवर लावला. तिच्यावर सगळा हंगाम गेला होता, ती अंगाने खिळखिळी झाली होती. सिद्धाप्पा चार नंबरवर चपला काढून जायचे. देव म्हणून नव्हे. त्यांच्या चपलेला खिळे होते.

मोठ्या सामन्याला बाहेरून एक क्युरेटर पाठवतात, म्हणजे पट्टीचा निर्णय स्थानिक माणसाच्या हातात राहू नये. आमच्याकडे खानविलकर आले. कोकणातले, लाल मातीत वाढलेले, पण काळी मातीही चांगली ओळखणारे. त्यांनी चार नंबरवर चावी दाबली. ती आत गेली नाही. मग टाच दाबली, तळहात ठेवला. शेवटी म्हणाले, "मॅडम, ही चार दिवस टिकेल आणि पाचव्या दिवशी तुम्हाला परत मिळेल." या धंद्यात एवढं कौतुक फार झालं. सिद्धाप्पांना कळावं म्हणून मी ते मोठ्याने पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यजमान संघाचे प्रशिक्षक आले. तरुण, नम्र, रात्रीची झोप न झालेला माणूस. त्यांनी चार नंबरवर चेंडू आपटला. तो छातीपर्यंत उसळला आणि आवाजही खणखणीत आला. मग ते सहा नंबरवर गेले. तिथे चेंडू मेल्यासारखा उठला आणि खाली धुळीचा एक पुंजका उडाला. प्रशिक्षक तो पुंजका बघत उभे राहिले. मला तिथेच कळलं.

त्यांनी सहा नंबर मागितली, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या फेरीत जायला त्यांना निकाल हवा होता, सामना अनिर्णित राहून चालणार नव्हतं. त्यांच्याकडे दोन चांगले फिरकी गोलंदाज होते. मला ते म्हणाले, "मॅडम, तुमची चार नंबर सुंदर आहे. पण सुंदर पट्टीवर मी घरी जातो."

खानविलकर त्यांच्याशी भांडले. खरोखर भांडले, हे मी सांगायला हवं. मग त्यांना वरून फोन आला. ते बोलत बोलत सीमारेषेपर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "सहा."

मी विचारलं, "शेरा खराब आला तर तो कुणाच्या नावावर?"

"मैदानाच्या."

"संघाच्या नाही?"

"संघाच्या कधीच नसतो, मॅडम."

हे एवढं सगळ्यांना माहीत असताना पुढचं सगळं झालं. ज्याला पट्टी हवी तशी मिळते त्याच्यावर काही येत नाही, आणि ज्याच्यावर येतं त्याला कुणी विचारत नाही. मी बिराजदारांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की सामना आपल्याला दिलाय ना, मग त्यांचं ऐकावं लागेल, मागणाऱ्याला नाही म्हणायचा तुमचा स्वभावच आहे. वाढदिवसाची स्पर्धा ते विसरले नव्हते.

सहा नंबरसाठी सूचना अशी होती. गवत पूर्ण काढायचं. दोन्ही टोकांना, जिथे फिरकीचा चेंडू पडतो, तिथे पाणी बंद आणि रोलरही बंद. पाणी आणि रोलर फक्त मधे. म्हणजे टोकं कोरडी राहून भुसभुशीत होतात आणि चेंडू वळतो. अशा पट्ट्या सगळीकडे करतात, हा काही नवा शोध नव्हता. मी उभी राहून ते करवून घेतलं. सिद्धाप्पांनी तारेच्या ब्रशने हरळी खरवडून काढली. काम नेहमीसारखंच नीट केलं. फक्त एकदा थांबून म्हणाले, "मदी पानी पाजायचं आन टोकं तान्हेली ठिवायची. लेकरातबी असं कुनी करत न्हाय, अक्का."

मी म्हटलं, सूचना आहे.

"सूचना हाय तर हाय," म्हणाले आणि ब्रश उचलला.

सामना सुरू झाला. यजमान संघ नाणेफेक हरला, म्हणजे जी पट्टी दुसऱ्याला शेवटी खेळायला लागावी म्हणून एवढं केलं, तिच्यावर शेवटी खेळण्याची पाळी यांच्यावरच आली. पहिल्या काही षटकांत धूळ उडाली, चेंडू वळला, प्रशिक्षक खूष दिसले. मग एक चेंडू साध्या टप्प्यावरून उसळून फलंदाजाच्या गळ्यापाशी आला. पुढचा त्याच जागेवरून सरपटत गेला. फिरकीची पट्टी असं वागत नाही. मी चहाचा कप खाली ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही झाडू घेऊन आत गेलो. टप्प्याच्या जागी वरची माती खपलीसारखी सुटत होती आणि खाली नुसतं पीठ होतं. मी वाकून बघत होते तेव्हा सिद्धाप्पा शेजारी येऊन म्हणाले, "अक्का, पानी म्या मारलंय."

"कुठे?"

"दोनी टोकाला. परवाच्याला, सकाळी, तुमी यायच्या आदी. लई न्हाय. नुस्ती झारी फिरवली."

कारण विचारायची गरज नव्हती. कोरडवाहू भागातला शेतकरी. तहानलेली माती समोर, भरलेली झारी हातात, आणि बघणारं कुणी नाही. तो आणखी काय करणार होता? वाचवायला म्हणून त्यांनी पाणी दिलं होतं. पण खाली दाब नसलेल्या, भुसभुशीत काळ्या मातीला वरवर पाणी दिलं की ती आत बांधली जात नाही. उन्हाने वर पापुद्रा धरतो आणि आतलं तसंच राहतं. शेतात असा पापुद्रा धरला तर ते स्वतः कुळव घेऊन फोडायला जातात. पट्टीवर मात्र त्यांना ते सुचलं नाही. मायेने सुचत नाही, एवढंच मी म्हणू शकते.

मी सरळ खानविलकरांना जाऊन सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, काही डागडुजी होण्यासारखी असती तर तेव्हाच व्हायला हवी होती. होण्यासारखी नव्हती. चहाच्या वेळी त्यांनी स्वतः येऊन अंगठ्याने खपली उचलून बघितली. सिद्धाप्पा हातात झाडू घेऊन समोर उभे. खानविलकर त्यांना म्हणाले, "मामा, तुमच्या पाण्याने एक दिवस गेला. बाकीचे आम्ही आधीच घालवले होते."

सिद्धाप्पांनी मान हलवली, पण त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं. ते मला नंतर कळलं.

सामना दुसऱ्या दिवशी संपला. यजमान संघ हरला. पाहुण्यांचे फिरकी गोलंदाज अधिक चांगले निघाले. एका फलंदाजाचं बोट मोडलं. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसासाठी शाळांच्या मुलांना बोलावलं होतं, त्यांना कळवण्याचं काम माझ्याकडे आलं.

सामनाधिकारी पट्टी बघायला आले. वयस्कर, शांत गृहस्थ. सहा नंबर बघून झाल्यावर ते परत जाताना चार नंबरपाशी थांबले. खाली वाकले, बोटाने टकटक केलं आणि माझ्याकडे वर बघत विचारलं, "ही का नाही दिली?"

मी म्हटलं, "मागितली नाही."

 त्यापुढचं उत्तर त्यांना माहीत होतं आणि त्यांच्या शेऱ्यात त्या उत्तराला जागा नव्हती. शेरा खराब आला. मैदान यादीतून गेलं.

त्यानंतर समितीची बैठक लागली. काय काय झालं ते क्रमाने सांगायचं असं मी ठरवून गेले होते: फोन, सूचना, झारी, सगळं. सिद्धाप्पा धुतलेला सदरा घालून दाराबाहेर येऊन उभे होते. त्यांनाही सांगायचं होतं. ते काय सांगणार हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांना घरी जा म्हटलं. ते गेले नाहीत.

आत आमचा विषय चहा येण्याआधी संपला. बिराजदार म्हणाले की शेरा दुर्दैवी आहे, आणि सगळ्यांनी दुर्दैवी म्हटलं. कुणी कारण विचारलं नाही. मी बोलायला लागले तर एक जण म्हणाले, मॅडम, झालं ते झालं. मग प्रदर्शनाचा विषय आला. तिकिटाची खिडकी पूर्वेच्या फाटकाशी की पश्चिमेच्या, यावर मात्र मन लावून चर्चा झाली. मीही तिथे बसून होते. कुणी विचारलं म्हणून पार्किंगला कोणती बाजू बरी ते सांगितलं.

बाहेर आले तर सिद्धाप्पा तसेच उभे.

"माजं नाव निगालं व्हय?"

"नाही."

"तुमी सांगितलं न्हाय?"

"कुणी विचारलं नाही, सिद्धाप्पा. कुणाचंच नाव निघालं नाही."

त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "येवडं मोटं मैदान गेलं, आन कुनाला जाब बी न्हाय?" मी त्यांना पुन्हा समजावलं, की तुम्ही झारी मारली नसती तरी सामना तिसऱ्या दिवशी संपला असता, शेरा हाच आला असता. मातीचं गणित सांगितलं. ते ऐकत राहिले, व्हय व्हय म्हणत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तरीबी म्याच."  रागवायला समोर दुसरं कुणीच नसलं की माणूस स्वतःवरच राग धरून बसतो. ते त्या महिन्याअखेर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, आले नाहीत. नारळ आणि शाल मी मैंदर्गीच्या एसटीत त्यांच्या पुतण्याकडे दिली.

मग प्रदर्शनाची माणसं आली. मंडपवाल्यांनी पहारी घेऊन मैदानभर खड्डे घेतले. कुठे खणू नका हे सांगायला मी पहिल्या दिवशी उभी राहिले, दुसऱ्या दिवशी राहिले नाही. आकाशपाळण्याचे मालक इरफानभाई म्हणून होते. ते एकटेच कुणाला काही न विचारता पहार घेऊन हिंडत होते, जागोजागी आपटून बघत होते. त्यांची अडचण खरी होती. काळ्या मातीत पाळण्याचा एक पाय जरी खचला तरी माणसं मरतात. मधल्या पट्ट्यांवर येऊन त्यांनी पहार मारली तर ती हातातून उडाली. पुन्हा मारली. मग मला हाक मारून विचारलं, "मॅडम, ये नीचे क्या डाले, सिमेंट?"

"माती," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. बोटाने उकरून बघितली तेव्हा बसला.

पाळणा चार नंबरवर उभा राहिला. सगळ्या मैदानात तेवढीच जागा त्याचं वजन पेलेल अशी होती. मी अभियंत्याला विचारून होकार दिला, कारण दुसरीकडे उभा केला असता तर ते धोक्याचं होतं. प्रदर्शनभर तो फिरला. रोज संध्याकाळी रांग लागायची. मधे एकदा सिद्धाप्पा अक्कलकोटला कुणाला तरी सोडून तसेच सोलापूरला आले होते. पाळण्याच्या खाली गेले, चपला काढल्या, लोखंडी पायाशी बसून हात फिरवला.

"खचली न्हाय," म्हणाले.

मी म्हटलं, नाही खचली.

चहा घ्या म्हटलं तर एसटी चुकंल म्हणाले आणि गेले.

पाळणा उतरवून झाल्यावर इरफानभाई माझ्या टेबलाशी आले. एवढ्या गावांत फिरलो पण अशी जमीन कुठे बघितली नाही, पाळणा केसभर हलला नाही, असं त्यांनी मनापासून सांगितलं. मग म्हणाले, "अगले साल बी येइच जगा देव, मॅडम. अब्बीच बोलके रखता मैं."

मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणी मागितलेली नव्हती.